डवरा खोडून झरा



एक गुन्हा कबूल करण्यासाठी हे लिहितोय. समीक्षा म्हणून छापा, कारण गुन्हा समीक्षेचाच आहे आणि हत्यार लाल पेन आहे.

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी तासिकेवर मराठी शिकवतो. तासिकेवर म्हणजे जितके तास तितके पैसे. सुट्टी लागली की मास्तर बेकार. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या जूनला तासही जातील. तर तिथं पहिल्या वर्षाला 'सर्जनशील लेखन' नावाचा पेपर आहे. दोन श्रेयांक, तीस तास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर लिहिणं हे 'कौशल्य' ठरलं. मोबाइल दुरुस्त करणं आणि कविता करणं एका रांगेत आलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला निदान मोबाइल उघडून आत बघावं लागतं. आमच्याकडं कविता न उघडताच शिकवतात.

पावसाळ्यात आम्ही पोरं घेऊन दाभोशाला गेलो. जव्हारपासून वीसेक किलोमीटर. लेंडी नदी तिथं तीनेकशे फूट खाली दरीत उडी घेते. शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात, माणसं कठड्याशी उभी राहून फोटो काढतात. मी पोरांना कठड्याशीच उभं केलं आणि विषय दिला : निसर्गवर्णन, दोनशे शब्द. अभ्यासक्रमात 'निरीक्षण आणि वर्णन' असा घटक आहे, तो उरकायचा होता.

अडतीस वह्या आल्या. बहुतेकांत पाणी 'शुभ्र फेसाळ' होतं, निसर्गानं 'मुक्तहस्ते उधळण' केली होती आणि धबधबा दुधासारखा दिसत होता. आता गंमत बघा. ही पोरं ज्या घरांतून येतात तिथं चहात दूध पडत नाही, कोरा चहा पितात. पण पाण्याला उपमा दुधाची! ही उपमा त्यांना घरात सापडलेली नाही, दाभोशालाही सापडलेली नाही. ती पाठ्यपुस्तकातून आली. दहा वर्षं ती घोटली गेली. कठड्याशी उभी असताना त्यांनी धबधबा पाहिलाच नाही, पाचवीचा धडा पाहिला. आणि मी सगळ्यांना वीसपैकी बारा-तेरा देऊन मोकळा झालो.

एकीला सात दिले.

ती तिथल्याच एका पाड्यावरची, वारल्यांची पोरगी. तिनं लिहिलं ते तिच्या बोलीत मला उतरवता येणार नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. एवढं नुकसान धरून चला. तिनं लिहिलं, की माणसं गाडीतून उतरतात आणि खाली बघतात. आम्ही हंडा घेऊन त्यांच्या पाठीमागून दुसरीकडं जातो. नदीचं पाणी खाली दरीत आणि आमचा पाडा वर माळावर. उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत डवरा उकरतो आणि त्याच्या कडेला बसून राहतो. वाटी बुडेल इतकं पाणी पाझरलं की एक वाटी भरते. एका हंड्याला किती वाट्या लागतात हे मोजत होते, पण मधेच झोप लागली. आणि शेवट असा, की पाड्यावर रात्री धबधब्याचा आवाज येतो, तो बारीक होत गेला की आई हंडे मोजायला लागते.

मी काय केलं? चार ठिकाणी 'डवरा' खोडून वर 'झरा' लिहिलं. 'पान्याला'चं 'पाण्याला' केलं. खाली शेरा मारला : विषय सोडून लिहिले आहे. हे निसर्गवर्णन नाही. सांगितले आहे, दाखवलेले नाही. खाली सही. सही मात्र झोकात.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. भांडायला नाही, विचारायला.

"सर, झरा तर आपला आपण येतो. डवरा आपण उकरतो."

मी म्हणालो, "परीक्षेत शुद्ध मराठी लिहायची सवय कर."

"बरं सर," म्हणाली आणि गेली.

मी मराठवाड्यातला, ज्वारीच्या मुलखातला. आमच्याकडं भाकरीबरोबर जे खातात त्याला कोरड्यास म्हणतात. मी पाचवीत असताना 'माझी आई' निबंधात लिहिलं होतं, आई कोरड्यास करते. गुरुजींनी ते खोडून 'भाजी' केलं. आमच्या घरात भाजी आठवड्यातून एकदा व्हायची, बाजाराच्या दिवशी. एरवी कोरड्यास म्हणजे कधी तिखटाचं पाणी, कधी नुसतं बेसन. गुरुजींनी एका फटक्यात आमची गरिबी दूर केली! कुठल्या सरकारला जमलं नाही ते. त्या गुरुजींना मी आजवर शिव्या देत आलो, आपल्या मेळाव्यांतून भाषणात हा किस्सा सांगून टाळ्या घेतल्या. आणि त्याच हातानं डवऱ्याचा झरा केला. एका बौद्धाच्या हातून एका वारलीणीचा शब्द गेला. म्हणून म्हणतो, गुन्हा.

झरा आणि डवरा यांत काय फरक आहे? झऱ्याला कवी लागतो, डवऱ्याला दोन हात लागतात. झरा खळखळतो. डवरा पाझरतो, आणि तो पाझरेपर्यंत बसून राहावं लागतं. झरा लिहिला की सरकारची जबाबदारी संपते, कारण निसर्ग देतोय. डवरा लिहिला की सवाल उभा राहतो : एवढा धोधो पाऊस पडणाऱ्या जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर कसे काय लागतात? एका शब्दाच्या पोटात हा सवाल होता. मी तो शुद्धलेखनाच्या नावानं काढून टाकला.

आता अभ्यासक्रमाकडं वळू. कारण दोष माझा, पण मी काही हवेतून शिकलो नाही.

या पेपरात पहिला घटक प्रतिभा आणि निर्मितिप्रक्रिया. म्हणजे आधी संस्कृत काव्यशास्त्रातली प्रतिभा, मग स्फूर्ती, मग उत्कट क्षण. पोरांना पहिल्याच तासाला समजतं, की लिहिणारा जन्मावा लागतो. जन्मावरून पात्रता ठरवणं हे आपल्याला कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं की नाही? पुढचे घटक बरे आहेत. निरीक्षण, कथानक, पात्र, संवाद, निवेदनाचा कोन. हे शिकवायला पाहिजे. यात काही बामणी नाही. पण शिकवताना नमुने कुठले देतात, भाषा कुणाची 'प्रमाण' धरतात, आणि हे कुणासाठी लिहायचं हा सवाल घेतात का? तीस तासांत त्यासाठी एक तास नाही.

त्या पोरीच्या दोनशे शब्दांत निवेदनाचा कोन होता. सगळ्या वर्गानं कठड्यावरून खाली बघितलं. तिनं कठड्यावर उभ्या असलेल्यांच्या पाठीमागून बघितलं. पुस्तकात हे चौथ्या घटकात येतं, तिला पहिल्यातच येत होतं. वाट्या मोजताना झोप लागते, हे वाक्य घ्या. किती वाजले, किती दमले, किती हाल झाले, काही नाही. झोप लागली, बस. आणि शेवटी कान : आवाज बारीक झाला की आई हंडे मोजते. याला मी 'दाखवलेले नाही' म्हणालो! मला दिसलं नाही, कारण मी दूध शोधत होतो.

'दाखवा, सांगू नका' हा मंत्र सगळ्या लेखनवर्गांतून फिरतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली आणि पुढं जगभर हे असे वर्ग निघाले. मंत्र वाईट नाही. 'ती दुःखी होती' यापेक्षा 'तिनं ताट सरकवलं' हे चांगलं, कोण नाही म्हणतो? पण मंत्राला एक अट आहे, ती कुणी सांगत नाही. तुम्ही दाखवलेलं बघायला वाचक तयार असला पाहिजे. ज्याच्या शब्दावर आधीच विश्वास आहे त्याला नुसतं दाखवून चालतं. ज्याची साक्ष शेकडो वर्षं कुणी घेतली नाही त्याला दाखवावंही लागतं आणि छातीवर हात मारून सांगावंही लागतं.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा काढून बसा. १९६३ चं पुस्तक. रेल्वेत नोकरीला परमुलखात गेलेला तरुण जात लपवून राहतो. आपल्याला सुरुवातीपासून माहीत आहे, आजूबाजूच्यांना माहीत नाही. म्हणून लोक त्याच्याशी प्रेमानं बोलतात तेव्हा आपला जीव घाबरा होतो. जितका मान जास्त, तितकी भीती जास्त. ही कारागिरी आहे. वाचकाच्या हातात काय द्यायचं आणि पात्रांपासून काय लपवायचं, याचा हिशेब आहे. आणि त्याच कथेत बागुल मधेच मोठ्या आवाजात सांगतातही. कलावाद्यांना तो आवाज खटकला, पुष्कळांना आजही खटकतो. मला वाटतं त्या कथेत दोन्ही लागतं. नुसतं दाखवलं असतं तर 'वेधक सामाजिक कथा' झाली असती. नुसतं सांगितलं असतं तर पत्रक.

आणि इथं मला आपल्याकडं बोट करायचंय. राग आला तरी चालेल.

गेल्या काही अंकांसाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा मी चाळला. निम्म्यांत सूर्य आहे. उरलेल्यांत एकलव्याचा अंगठा, नाहीतर वणवा, नाहीतर ज्वालामुखी. पहिल्यांदा ज्यानं अंगठ्यावर लिहिलं त्यानं काहीतरी बघितलं होतं. आता तो आमचा दुधासारखा धबधबा झाला आहे. कवीला भेटून विचारलं की बाबा, तू कुठं राहतोस, तुझ्या वस्तीत पाणी कधी येतं, तुझा बाप काय काम करतो, तर असं काही सांगतो की अंगावर काटा येतो. मग ते का लिहीत नाहीस? म्हणतो, ते काय लिहायचं. आणि कुणी खोडायला गेलं तर ठरलेलं उत्तर : आम्हाला कलाकुसर नको, आमचा संताप हीच आमची कला.

हे उत्तर खोटं आहे. आपल्या आधीच्यांनी ते कधी दिलं नाही.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. तो शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध आहे, हे विसरू नका. आपल्या गद्याची सुरुवात वर्गातल्या निबंधापासून आहे. ब्राह्मणांना तिनं भावनेनं नाही, तर्कानं धरलं. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा तो सवाल. तिच्या वहीवर माझ्यासारखा मास्तर बसला असता तर काय उरलं असतं?

अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम गेले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण ते शिकले नाहीत असं कुणी सांगितलं? तमाशाच्या फडात शिकले, १९४४ पासून लाल बावटा कलापथकात शिकले. गिरणी कामगारांच्या गर्दीपुढं रोज रात्री उभं राहायचं. कुठं हसले, कुठं गप्प झाले, कुठं उठून गेले, हे बघायचं आणि दुसऱ्या रात्री बदलायचं. यापेक्षा कडक परीक्षक कुठल्या विद्यापीठात आहे? औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथं म. ना. वानखेड्यांनी पोरांना अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची ओळख करून दिली. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'च्या मेळाव्यांत नवा पोरगा कविता वाचायचा आणि लोक तोंडावर बोलायचे. हे आमचे लेखनवर्ग. त्यांना श्रेयांक नव्हते.

आयोवात कार्यशाळा निघाली त्याच १९३६ साली शिकागोच्या काळ्या वस्तीत रिचर्ड राइटनं लेखकांचा एक गट जमवला. ते एकमेकांचं लेखन वाचायचे, फाडायचे. हा राइट आधी मेंफिसला होता. तिथल्या ग्रंथालयातून काळ्यांना पुस्तकं मिळत नव्हती. त्यानं एका गोऱ्याचं कार्ड घेतलं, गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकं आणली. तो म्हणाला नाही, की मला पुस्तकं नकोत, माझा संताप पुरे.

आणि त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर गाळायला सांगितला. स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. परिषदच रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, शेवटच्या रात्री, त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना टेबलावर मागवून घेतली, पुन्हा एकदा नजरेखालून घालायला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वल्पविराम हलवला नाही, आणि स्वतःच्या हातानं मरेपर्यंत तपासत राहिले. ही दोन माणसं नाहीत, एकच माणूस आहे. खोडायचं की नाही हा वादच नाही. खोडणारा हात कुणाचा, एवढाच वाद आहे.

नामदेवच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यात तेंडुलकर शब्दांचे अर्थ विचारताना दिसतात. नामदेवनं शब्द बदलले नाहीत, वाचकाला विचारायला लावलं. मी हे वर्गात दरवर्षी सांगतो! सांगतो आणि घरी जाऊन डवरा खोडतो.

मग मी काय केलं. फार काही नाही. तास उरले होते अकरा. वर्गात जाऊन पहिल्यांदा चूक कबूल केली. पोरं अवघडून गप्प बसली. मास्तरनं माफी मागायची रीत नाही. मग सांगितलं, मला माहीत नाही असा एकेक शब्द घरून आणा आणि तो न समजावता वापरा. एकानं आवणी आणली. आमच्या ज्वारीच्या मुलखात भाताची लावणी नाही, मला आवणी कुठून ठाऊक असणार. एकानं राब आणला, पेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात तो. एकानं खावटी आणली. पावसाच्या उपाशी दिवसांत घेतलेलं धान्य, ते मापानं कसं घेतलं आणि फेडताना माप कसं वाढलं, एवढंच त्यानं आज्याच्या तोंडून लिहिलं. एक पान. त्याच्या पुढं मी शिकवलेल्या कथा फिक्या पडल्या, आणि तरी मी त्याला तीनदा लिहायला लावलं. पहिल्या खेपेला शेवटी सावकाराला शाप होता. दुसऱ्या खेपेला त्यानंच तो काढला. मी सांगितलं नव्हतं.

एका मुलीनं वेगळंच सांगितलं. म्हणाली, आमच्यात लग्नाचा चौक काढत नाहीत, लिहितात. मला वाटलं बोलण्याची चूक, पण नाही, वारल्यांत तसंच म्हणतात. धवलेरी गाणी म्हणते आणि सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. तू कशी शिकलीस? मावशीच्या बाजूला बसून. आधी नुसते ठिपके. पुष्कळ दिवस नुसते ठिपके. लिहिण्याची एवढी परंपरा घरात असलेल्या पोरांना आम्ही कॉलेजात 'प्रथम पिढीतील अध्ययनार्थी' म्हणतो.

शेवटी डवऱ्यावाली. तिला वही परत मागितली. माझं लाल तिनं कोऱ्या कागदावर उतरवताना सगळं सोडून दिलं होतं, फक्त 'पाण्याला' ठेवलं होतं. म्हणाली, ते बरोबर वाटलं. बाकी डवरा. मधे एक नवीन ओळ घातली होती, सरकारवर, आपल्या पद्धतीची, घोषणेसारखी. मला फार आवडली. खरं सांगतो, माझ्या भाषणातली वाटली म्हणून आवडली. पुढच्या खेपेला ती ओळ नव्हती. मी विचारलं, का काढलीस? म्हणाली, "ती तुमची होती सर."

गुणांच्या तक्त्यात 'भाषाशुद्धी'ला पाच गुण आहेत. मी पाचही दिले. तक्ता शेरा मारून परत आला आहे, खुलासा मागितला आहे. खुलासा अजून लिहायचाय.

१९९० साली पालघरला आदिवासी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष वाहरू सोनवणे. त्यांची 'स्टेज' नावाची कविता तुम्ही ऐकली असेल. दुःख ज्याचं त्याला खाली बसवून वर उभं राहून त्याचंच दुःख त्याला सांगणाऱ्यांविषयी आहे. आपण ती दुसऱ्यांवर टीका म्हणून वाचतो. हा लेख लिहिताना मी कुठं उभा आहे ते मला नीट दिसतंय.

म्हणून त्या पोरीचा मजकूर या अंकासाठी मागितला. माझ्या लेखाऐवजी तोच छापा म्हणून संपादकांनाही सांगितलं होतं. तिनं अजून दिलेला नाही. म्हणाली, आधी आजीला वाचून दाखवते. डवरा असाच असतो असं आजी म्हणाली, तर देते.